गळ्यातला गोन्सालो

चांदीचं आहे, पण फार जड नाही. नखाएवढं, लंबगोल, वर बारीक कडी. पदकावरचा माणूस पायघोळ झग्यात उभा आहे, कमरेला गाठी मारलेली दोरी, पाठीमागे क्रूस. रोजच्या घामाने आणि साबणाने त्याचा चेहरा झिजत चाललाय. नाकाच्या जागी आता नुसता उंचवटा. दोरीच्या गाठी मात्र अजून बोटाला लागतात. हा संत गोन्सालो गार्सिया, वसईचा. आणि तो ज्या गळ्यात आहे तो गळा नगरकडच्या प्रॉटेस्टंट घरातला.

आमच्याकडे मोकळ्या गळ्याला इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये अहमदनगरला आले आणि पुढच्या पिढ्यांत गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली कितीतरी कुटुंबं प्रभूकडे वळली. बाप्तिस्मा घ्यायचा तर आधी गळा आणि दंड रिकामे करायचे. ताईत, गंडा, काळा दोरा, कवड्यांची माळ, सगळं उतरवायचं. त्या दोऱ्यांबरोबर कुणाची नजर, कुणाची करणी, कुठल्या देवीचा कोप, असं पिढ्यान्‌पिढ्यांचं भय उतरत होतं. माझ्या आजीला म्हणूनच लेकरांच्या गळ्यात काही बांधलेलं खपायचं नाही. ‘येशूच्या लेकराला दोरा कशाला?’ असं ती विचारायची. तिला धर्मशास्त्र येत नव्हतं, पण ही मोकळीक कुणी किती सोसून मिळवली हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा कॅथलिक संताचं पदक घालताना मला लूथरपेक्षा आजीचीच धास्ती जास्त.

आमचं चर्चही तसंच मोकळं. चुन्याच्या पांढऱ्या भिंती, समोर लाकडी क्रूस, त्यावर देह नाही. मूर्ती नाही, मेणबत्त्यांची रांग नाही. पण कानांची चंगळ. पेटी, तबला, टाळ, रेव्हरंड टिळकांची भजनं, शास्त्रपाठ, मग पाळकसाहेबांचा लांबलचक उपदेश. लहानपणी मी त्या आवाजातच वाढले आणि आजही कुठे टिळकांचं भजन लागलं की पाय थबकतात. विश्वास आमच्याकडे कानातून आत येतो. हातांना काम एकच, प्रार्थनेला जोडायचे. बाकी वेळ ते मांडीवर स्वस्थ पडून असतात.

वसईला राहायला आले तेव्हा हातांचा धर्म पहिल्यांदा जवळून पाहिला. शेजारच्या मावशी संध्याकाळी ओट्यावर जपमाळ घेऊन बसायच्या. ओठ हलत असत, नजर रस्त्यावर असे, येणाऱ्याजाणाऱ्याला मान डोलावून ओळखही दिली जाई. पण अंगठा मणी चुकत नसे. चर्चमध्ये गेल्या की पुतळ्याच्या पायाला बोटं लावायच्या आणि तीच बोटं ओठांना. माझ्यातली नगरकर पोर आधी आक्रसली, मग बघत राहिली. मावशी मुलीकडे कायमच्या राहायला निघाल्या तेव्हा जाताना हे पदक त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. ‘आपल्या गावचा माणूस आहे गं, असू दे जवळ,’ एवढंच म्हणाल्या. नवस सांगितला नाही, प्रार्थना शिकवली नाही.

गावचा माणूस, हे खरंच आहे. गोन्सालो १५५६ च्या सुमारास वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. आज ज्या किल्ल्यात पडक्या चर्चांच्या कमानींतून वडाची मुळं उतरली आहेत, तिथे जेझुइटांच्या हाताखाली तो शिकला. त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला. पण त्यांच्या संघात काही त्याला घेतलं गेलं नाही. मग त्याने व्यापार केला, चांगला चालवला, आणि तो सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकिलात निघाली तेव्हा दुभाष्या म्हणून हाच पुन्हा जपानला गेला. शेवटी पकडापकडी झाली. क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवत नेलं, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारलं. १८६२ मध्ये रोमने त्यांना संतपद दिलं. आधी नाकारला गेलेला, दुसऱ्यांचे शब्द इकडून तिकडे पोचवणारा हा माणूस मला आवडतो. त्यासाठी कॅथलिक असावं लागत नाही.

लूथरचीही गंमतच आहे. १५०५ च्या जुलैत श्टोटर्नहाइमजवळ वादळात वीज कोसळली, तेव्हा घाबरलेल्या या पोराने धावा केला तो खाणकामगारांची कैवारी संत अ‍ॅन हिचा, आणि साधू होण्याचा शब्द दिला. संतांचा धावा नको म्हणणारी चळवळ ज्याने उभी केली, तो मठात शिरला तो असा. पुढे १५३० च्या ऑग्सबर्गच्या मतांगीकारात त्याच्या मंडळींनी एकविसाव्या कलमात हिशेब चोख मांडला. संतांची आठवण ठेवावी, त्यांचा कित्ता गिरवावा, पण त्यांच्याकडे मागणं मागू नये. या कलमात मी नीट बसते. माझी बोटं बसतात की नाही, ते सांगता येत नाही. दवाखान्यात रिपोर्टची वाट पाहताना ती आपोआप गळ्याशी जातात आणि दोरीच्या गाठी चाचपतात. तोंडाने मी प्रभूलाच हाक मारत असते.

लोकांचा गोंधळ होतो. विरार लोकलच्या लेडीज डब्यात एखादी बाई पदक बघून सरकून जागा देते आणि विचारते, ‘कुठल्या धर्मग्रामातल्या तुम्ही?’ मी प्रॉटेस्टंट म्हटलं की तिचा चेहरा क्षणभर पडतो, जागा मात्र ती परत घेत नाही. नगरला गेले की मंडळीतली एक आत्याबाई चष्मा वर करून म्हणते, ‘काय गं, तिकडची झालीस?’

तिला कसं सांगावं? खरं तर तिला सांगायची गरज नसावी. आपल्या मुलखात ज्ञानोबांच्या पादुका पालखीत घेऊन लोक पंढरीला चालतात. भेटायचं असतं विठ्ठलाला. ज्ञानोबा वाटेत सोबत असतात. टिळक स्वतः म्हणत, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो. मध्यस्थ हवा की नको, यावर युरोपने रक्त सांडलं. सोबतीला माणूस हवा, यावर मराठी माणसाने वाद घातल्याचं ऐकिवात नाही.

मध्यंतरी साखळी तुटली. सोनाराने ती ठेवून घेतली आणि आज देतो, उद्या देतो करत राहिला. त्या दिवसांत प्रवास झाले, पाऊस झाला, घरात आजारपण झालं. आजीचा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारून पाहिला. संकट येईल, रक्षण सुटलं, असं एकदाही मनात आलं नाही. बोटं चुकत राहिली, बस. दूरच्या गावी गेलेल्या माणसाची व्हावी तेवढीच चुकचूक. भय आजीने उतरवलं ते परत चढलेलं नाही, याची खात्री पटली, आणि साखळी मिळाल्याबरोबर मी सोनाराच्या दुकानातच ती गळ्यात घातली. आता आत्याबाईंनी विचारलं की मी सांगते, मी आहे तिथेच आहे, हा वसईवाला तेवढा आपल्याकडे आलाय.