बसलं म्हणजे झालं?

तुम्ही कधी जुन्या फोक्सवॅगन बीटलचं मागचं झाकण उघडून पाहिलंय? रेडिएटर नाही, पाणी नाही. एक पंखा आणि त्याच्याभोवती काळे पत्रे. धूळ बसू नये म्हणून लावले असतील, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पदार्थविज्ञानातली पीएच.डी. तेव्हा काही कामाला आली नाही.

पाण्याच्या गाडीत जे काम रेडिएटर आणि नळ्या करतात, ते इथे हे पत्रे करतात. पंखा इंजिनाच्या कप्प्यातली हवा ओढतो, पत्रे ती सिलिंडरांवरून खाली नेतात. कडेचे पत्रे आणि रबरी पट्टी खालची तापलेली हवा परत वर येऊ देत नाहीत. बजाज चेतकच्या इंजिनावरचं पत्र्याचं आवरण आठवतंय? काम तेच.

माझी गाडी 1968 ची, इंजिन 1500 चं. या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या घरातच, तिसऱ्या सिलिंडरच्या वर असतो. त्यामुळे त्या सिलिंडरला हवा कमी मिळते आणि तीही तापलेली. म्हणून तो जळण्यासाठी बदनाम. 1971 च्या मॉडेलपासून कंपनीने कूलर मागे वेगळ्या खोपटात हलवला. शौकीन त्याला ‘डॉगहाउस’ म्हणतात.

टूसॉनच्या उन्हाळ्यात मला तेच हवं होतं. भंगारातून 1600 च्या इंजिनाचं पंख्याचं घर, रुंद पंखा आणि नवा कूलर आणला. बोल्टची भोकं जुळली. इथल्या मराठी मंडळातल्या एका काकांकडेही त्याच काळातली बीटल आहे. त्यांना म्हटलं, “काका, बसतं!” आणि पुढच्या शनिवारी त्यांच्या गाडीलाही बसवून दिलं.

दोन पत्रे मात्र मी फालतू समजून सोडले होते. एक, कूलरमधली गरम हवा गाडीखाली सोडणारा नळीसारखा पत्रा. दुसरा, त्या नळीसाठी भोक असलेला, गिअरबॉक्सकडच्या बाजूचा पत्रा. माझा जुना पत्रा तिथे छान बसत होता; फक्त त्याला भोक नव्हतं. त्यामुळे कूलरमधली गरम हवा इंजिनाच्या कप्प्यातच साठत होती आणि पंखा तीच पुन्हा ओढत होता.

जुलैतल्या एका दुपारी तेलाच्या तापमानाचा काटा चढतच गेला. गाडी कडेला घेतली. नंतर घरी येऊन पंख्याच्या तोंडाशी स्वयंपाकघरातला थर्मामीटर धरला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. लगेच काकांना फोन लावला. ते पहाटे नातवंडांना घेऊन ग्रँड कॅन्यनला निघणार होते.

“काका, गाडी काढू नका.”

“अरे, तूच म्हणालास ना, बसतं म्हणून?”

“बसतं. पण चालत नाही.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “बरं झालं आज सांगितलंस. पोरांना मात्र तू सांग.”

ते भाड्याच्या गाडीने गेले. नातवंडं आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीत. ते दोन पत्रे मिळेपर्यंत दोन्ही बीटल उभ्या राहिल्या.

तुम्हीही अशी गाडी सांभाळत असाल तर एवढं लक्षात ठेवा. 1200 चं इंजिन अरुंद, त्याचे सिलिंडरवरचे पत्रे 1300 ते 1600 ला चालत नाहीत. 1300, 1500 आणि 1600 चे बरेच पत्रे अदलाबदल होतात. पण सिंगल पोर्ट आणि ड्युअल पोर्टच्या पत्र्यांचा इनटेकभोवतीचा काप वेगळा असतो. टाइप 3 मध्ये पंखा थेट क्रँकशाफ्टवर, तिथली सगळी मांडणीच निराळी.

विकणारा म्हणेल, “बसेल.” तो खोटं बोलत नसेल, मीही नव्हतो बोलत. तुम्ही हवा कुठून येते आणि कुठे जाते, ते बोटाने दाखवायला सांगा. बोट मध्येच अडलं, तर तो पत्रा अजून शोधायचा आहे.