मनी कोणाची?

आमच्या शाळेत महिनाभर एक मांजर येतेय. पोषण आहाराच्या वेळी तर हमखास हजर! मुलांनी नाव ठेवलं मनी. तिसरीतला एकजण रोज विचारायचा, "बाई, हिला मी घरी नेऊ?"

माणसाळलेली मांजर बहुधा कोणाची तरी असते. म्हणून आधी तिच्या गळ्याभोवती कागदाची सैल पट्टी चिकटवली: 'ही मांजर तुमची आहे का?' खाली माझा नंबर. (दोरा नको. कुठं अडकला तर फास बसतो, कागद फाटून जातो.) चार दिवस झाले, फोन नाही. मग पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, पोटात पिल्लं आहेत. म्हणजे प्रश्न एकट्या मनीचा राहिलाच नाही!

त्या मुलाच्या आईशी बोलले. एका खोलीत पाच माणसं. त्यांनी हात जोडले. बरोबरच आहे त्यांचं. मुलाची समजूत काढणं मात्र फार जड गेलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

सध्या मनी खेळाच्या साहित्याच्या खोलीत, खोक्यात आहे. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत आईपासून तोडायची नाहीत. त्यांचं दूध सुटलं की मनीची नसबंदी, मगच तिला घर. नेणाऱ्याने रेबीजची लस वेळेवर द्यायची, ही अट मुलांनीच फळ्यावर लिहिलीय. तुमच्या ओळखीत आहे का कोणी?