स्टेशन नसलेल्या गावाचं स्टेशन

महाबळेश्वरला रेल्वे नाही. तरी आमच्या घरात कुणी ‘स्टेशनवर जाऊन येतो’ म्हणालं, तर ‘कुठल्या?’ असा प्रश्न येत नसे. स्टेशन म्हणजे वाठार, साठेक किलोमीटर खाली. जिल्ह्यात वाठारं बरीच. ह्याला रूळ चिकटले आणि गावाचं नावच ‘वाठार स्टेशन’ पडलं.

1880 च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने पुण्याहून मिरजेकडे मीटर गेज टाकली. थंड हवेसाठी येणारे साहेब आणि मुंबईचे शेठ वाठारला उतरू लागले. पुढे टांगा: वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, मग आमचं गाव. माझे पणजोबा ह्याच वाटेवर टांगा हाकत. चढावर घोडी दमली की ते सरळ उतारूंना खाली उतरवत. “साहेबाला पण?” मी आजीला विचारायचो. “साहेबाच्या मडमेला पण!” आजी सासऱ्यांबद्दल जरा वाढवूनच सांगायची.

1968 साली, आठ वर्षांचा असताना, मी स्टेशन पहिल्यांदा पाहिलं. जुलै होता. मुंबईची आत्या यायची होती. आमच्याकडे वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या दिवसांत कपडे वाळतात ते शेगडीवरच. वाठारला उतरलो तर कोरडं ठाक! दादांची घोंगडी अजून टिपकत होती आणि फलाटावरच्या धुळीत तिचे काळे ठिपके पडत होते. हमाल एकदा त्या ठिपक्यांकडे, एकदा आभाळाकडे बघत राहिला. टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर कुणी हातोडा मारला आणि लहानखुरी गाडी आली. आत्या उतरली, ती खिडकीतल्या कोळशाच्या कणाने लाल झालेला डोळा चोळतच.

1971 च्या सुमारास लाइन ब्रॉडगेज झाली. मी कॉलेजला पुण्याला जाताना काही दिवस तीच गाडी धरली, मग मुकाट्याने एसटी. वाईत एसटी बदलत वाठार गाठायचं, तिथे गाडीची वाट बघायची, एवढा धीर तेव्हाही नव्हता. आता तर पर्यटक महामार्गाने सुरूरपर्यंत येतात आणि वाईकडे वळतात. वाठारचं नाव त्यांच्या कानावरही पडत नाही.

रुळांवर आता विजेच्या तारा आहेत. तरी अधूनमधून कुणी फोनवर विचारतं, “तुमचं जवळचं स्टेशन कुठलं हो?” मी वाठारच सांगतो. फक्त निघण्याआधी वाईच्या एसटीची वेळ विचारून घ्या. टांगा नाही मिळायचा.