दोष एकट्या डायचा नव्हता

जुलाब-उलट्यांनी आई पार गळून गेली होती. पोटदुखी थांबेना, म्हणून नेरूळमधल्या एका रुग्णालयात तिचा सीटी स्कॅन झाला, शिरेतून डाय देऊन. त्यानंतर लघवी कमी झाली, पाय सुजले आणि एरवी ०.९ असणारं क्रिएटिनिन ३.१ वर गेलं. सोसायटीत एकच चर्चा: डायने किडनी गेली. भाऊ तर स्कॅनवाल्यांना जाब विचारायला निघाला होता.

किडनीच्या डॉक्टर मॅडमनी मात्र आधी आईची गोळ्यांची पिशवी मागवली आणि पलंगावरच उपडी केली. रक्तदाबाची टेल्मिसार्टन, त्याच गोळीत लघवी वाढवणारं औषध आणि स्टेशनजवळच्या केमिस्टकडून गुडघ्यांसाठी आणलेली डायक्लोफिनॅक. तिच्या दोन स्ट्रिप रिकाम्या, तिसरी अर्धी.

"आजी, या कोणी दिल्या?"

"दुखलं की घेते हो. त्यांना काय डॉक्टर लागतो?"

दाखल करताना बीपी, शुगर, अ‍ॅलर्जी सगळं विचारलं होतं. दुखण्याच्या गोळीचं कुणीच विचारलं नाही, याचा मला आजही राग येतो.

मॅडमनी कागदावर आकृती काढून दाखवली. डायक्लोफिनॅकने किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी नळी आवळते, टेल्मिसार्टनने बाहेर नेणारी सैलावते. गाळायला लागणारा दाबच उरत नाही. त्यात जुलाबांनी आणि लघवीच्या औषधाने अंगातलं पाणी गेलेलं. मग त्यांनी स्कॅनच्या आधी घेतलेल्या रक्ताचा, पण नंतर हाती आलेला रिपोर्ट पुढे केला: क्रिएटिनिन १.८. म्हणजे किडनीला इजा व्हायला आधीच सुरुवात झाली होती. डायने भर घातली असेल, पण शिरेतून दिलेल्या डायचा धोका पूर्वी मानत तेवढा नसतो, असं त्या म्हणाल्या. भाऊ गप्प झाला.

डायक्लोफिनॅकचं नाव निघालं की मला गिधाडं आठवतात. आईचं माहेर म्हसळ्याकडचं. तिच्या लहानपणी तिथे गिधाडं पुष्कळ. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन देशभरातली बहुतेक गिधाडं किडनी निकामी होऊन मेली, म्हणून २००६ मध्ये गुरांसाठी ते बनवण्यावर बंदी आली. माणसांना मात्र ते अजून सहज मिळतं.

गोळ्या थांबल्या, सलाईन बेताने चाललं, डायलिसिस टळलं. क्रिएटिनिन हळूहळू १.१ वर आलं. आता पॅरासिटामॉल, शेक आणि फिजिओथेरपी. पुन्हा जुलाब झाले तर टेल्मिसार्टनचं काय करायचं, हे आधी फोन करून विचारायचं. गुडघे दुखतातच, रात्री कुशीवर वळताना ती कण्हते. ऑपरेशनचं बोलणं सुरू आहे.