अकलोलीचे ऊन पाणी

गिरणीच्या भोंग्यावर ज्यांची उभी हयात गेली, त्या परळ-लालबागच्या वस्तीत, डॉक्टरांचे औषध चालू असतानाही संधिवातासाठी वज्रेश्वरीची एक खेप करून येण्याची वहिवाट जुनी आहे. आणि चाळीतील वडीलधाऱ्यांनी तिची शिफारस इतक्या आग्रहाने केली की, अखेर मीही दादरहून विरारची गाडी धरली. विरारहून निघालेली एस.टी. शिरसाड फाट्याला पूर्वेस वळली, तुंगारेश्वराचे डोंगर उजव्या हाताला लागले, आणि तानसेच्या काठी वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीला उतरताच गंधकाचा उग्र दर्प नाकाशी आला.

रामेश्वराच्या देवळापुढील दगडी कुंडांत पाण्याची ऊब सर्वत्र सारखी नाही. एका कुंडाच्या पायरीवर गिरणीतले एक निवृत्त साचेवाले बसले होते. मी उतरू लागताच ते म्हणाले, “एकदम नको, मास्तर. आधी नुसते पाय सोडा. अंगाला सवय होऊ द्या.” तळाच्या सांध्यांतून बुडबुडे एकामागून एक वर येत होते, आणि त्यांच्या पोटऱ्यांवर पाणी जिथवर पोहोचले होते तिथवर कातडी लालबुंद झाली होती.

ऊन पाणी सगळीकडेच असे संथपणे वर येत नाही. जपानातील बेप्पू येथे अर्ध्यापाऊण तासाने उकळत्या पाण्याचा फवारा भूगर्भातून उसळतो, आणि प्रेक्षक कठड्याआड बसून त्याची प्रतीक्षा करतात. तेथे ज्वालामुखीची धग भूपृष्ठाच्या निकट आहे. चिंचोळ्या विवरात कोंडलेले पाणी वाफेच्या दाबाने बाहेर फेकले जाते. आमच्या सह्याद्रीचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थिजला. येथे पावसाचेच पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातील स्वाभाविक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने संथपणे वर येते. राजापूरच्या उन्हाळ्यापासून गणेशपुरीपर्यंत कोकणपट्टीत अशा झऱ्यांची रांगच लागलेली आहे. दैत्यांच्या रक्ताने हे पाणी तापले, ही लोककथा मात्र साचेवाल्यांना भूगर्भशास्त्राहून अधिक सप्रमाण वाटत होती, आणि त्यांच्या गुडघ्यांना पडलेला आराम पाहता वाद घालण्याचे मला प्रयोजन दिसले नाही.

स्नानानंतर वज्रेश्वरीच्या दर्शनास गेलो. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, 1739 च्या मे महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला स्वाधीन केला, आणि त्या नवसाच्या फेडीतून हे देवालय उभे राहिले. नगारखाना, भक्कम तट आणि उंच पायऱ्या पाहता हे देऊळ आहे की गढी, असा क्षणभर संभ्रम पडतो. साचेवाले एकेका पायरीवर हात टेकत, परंतु कोणाचा आधार न घेता चढले, आणि वर पोहोचल्यावर त्यांनी देवीच्या आधी स्वतःच्या गुडघ्यांना नमस्कार केला.

बेप्पूचा फवारा पाहण्याचा योग आला तर मी अवश्य जाईन. परंतु जे पाणी दुरून पाहायचे त्याचे कौतुक निराळे आणि ज्यात गिरणी कामगाराला निर्धास्त बसता येते त्याचे ऋण निराळे.