कडेनं पळणारा गडी

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी कुस्ती आठवते. पण आज आमच्या पेठांमधल्या पोरांच्या तोंडी ज्या तालमींची नावं असतात, ती बहुतेक फुटबॉलमुळे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. नाव तालमीचं आणि खेळ फुटबॉलचा, हे समीकरण इथं कुणाला विचित्र वाटत नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमची केएसए, 1940 सालची. तिच्या वरिष्ठ गटात सोळा संघ. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या दिशेनं दुपारी गाड्या वळायला लागतात आणि दुकानदार सुद्धा गिऱ्हाइकाला घाईघाईनं वाटेला लावतो.

मी लहान असताना अब्बांच्या स्कूटरवर पुढं उभा राहून स्टेडियमला जायचो. तेव्हा संघांची यादी वाचताना जी गोष्ट कधी जाणवलीच नाही, ती आता मुद्दाम सांगावी लागते: पाटील, जाधव, शेख, मुल्ला ही आडनावं एकाच जर्सीत असायची, आजही असतात. ज्या तालमीत गणपती बसतो, त्यातल्या अनेक तालमींत मोहरमला पंजाही बसतो. 2018 ते 2020 या तीन वर्षांत गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले, तेव्हा काही ठिकाणी दोन्ही एकाच मांडवात होते. मैदानातली ईर्षा ही पेठेपेठेतली असते. गोल झाला की कोण कुणाच्या गळ्यात पडतो, हे बघायला कुणाला सवड नसते.

एवढं प्रेम असलेल्या गावात मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. दरवर्षी वर्गात दोन-तीन पोरं अशी असतात, ज्यांच्या वहीच्या मागच्या पानावर अकरा खेळाडूंचा डाव मांडलेला असतो. आणि दरवर्षी एखादी आई येते. गेल्या वर्षी आली तशी. म्हणाली, "सर, इसकू जरा समजाओ, दिनभर बॉल बॉल करता. आगे क्या होनेका इसका?"

हा प्रश्न आम्हा कोल्हापूरकरांना फारसा विचारला जात नाही. आमच्याकडे फुटबॉलचा 'नाद' असतो. नादाला हिशोब नसतो, वय नसतं, पगार नसतो. त्या माउलीनं विचारलं होतं ते करिअरबद्दल. नाद आणि करिअर यांच्यामध्ये किती मोठं अंतर आहे, हे समजून घ्यायला आमच्याच गावात एक उदाहरण आहे. मी तिला त्याचंच नाव सांगितलं: अनिकेत जाधव.

अनिकेतचा जन्म 13 जुलै 2000 चा, कोल्हापूरचा. खेळण्याची जागा पुढची, बहुतेक वेळा विंगवर. म्हणजे मैदानाच्या कडेनं, पांढऱ्या रेषेला धरून पळायचं, समोरच्या बचावपटूला वळसा घालायचा आणि आत चेंडू टाकायचा किंवा स्वतः आत घुसायचं. लहान वयातच तो कोल्हापूर सोडून पुण्याला गेला. आधी शासनाची शिवछत्रपती क्रीडा प्रबोधिनी, मग पुणे एफसीची अकादमी. तिथून 17 वर्षांखालच्या भारतीय संघात.

ऑक्टोबर 2017 मध्ये 17 वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला. फिफाच्या विश्वचषकात भारताच्या मुलांचा संघ उतरण्याची ती पहिली वेळ. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारत तिन्ही सामने हरला: अमेरिकेकडून 3-0, कोलंबियाकडून 2-1, घानाकडून 4-0. त्या तीन सामन्यांत भारताचा एकच गोल झाला, तो मणिपूरच्या जिक्सन सिंगचा. पण त्या संघात आमचं पोरगं होतं. महिनाभर आधी, 15 सप्टेंबरला, राज्य सरकारनं सगळ्या महाराष्ट्रात एकाच दिवशी शाळांच्या मैदानांवर लाखो मुलांना फुटबॉल खेळायला लावलं होतं. त्या दिवसांत वर्गात व्याकरण शिकवणं अवघडच होतं.

विश्वचषक संपला. खरी गोष्ट इथून पुढं सुरू होते, आणि आपलं लक्ष नेमकं इथंच उडतं. त्या मुलांना एकत्र ठेवून महासंघानं 'इंडियन अ‍ॅरोज' हा संघ आय-लीगमध्ये उतरवला. 29 नोव्हेंबर 2017 ला त्यांचा पहिला सामना गोव्यात चेन्नई सिटीशी झाला. अ‍ॅरोज 3-0 नं जिंकले, त्यातले दोन गोल अनिकेतचे. वय वर्षं सतरा. अ‍ॅरोजमध्ये असतानाच त्याला इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावासाठी जायला मिळालं. हा क्लब 2010 पासून पुण्याच्या वेंकीजच्या मालकीचा. 2019 मध्ये तो जमशेदपूर एफसीकडून इंडियन सुपर लीगमध्ये आला, 2021 मध्ये हैदराबाद एफसीकडे गेला. 20 मार्च 2022 ला गोव्यात फातोर्ड्याला हैदराबादनं केरला ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून आयएसएलचा चषक जिंकला, तेव्हा तो त्या संघात होता. त्याच मार्चमध्ये बहारीनला झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यांच्या दौऱ्यात त्याला भारताच्या वरिष्ठ संघात जागा मिळाली. त्याच वर्षी पुढं तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळला आणि 2023 मध्ये ओडिशा एफसीकडे गेला.

आता ही यादी त्या आईच्या नजरेनं वाचा. 2017 ते 2023 या सहा वर्षांत पाच संघ. दर एक-दोन वर्षांनी नवं गाव, नवी भाषा, नवा प्रशिक्षक, नवा करार. विंगवरच्या खेळाडूचं काम तर आणखी नाजूक. त्याच्या पायातला वेग ही त्याची भांडवली रक्कम, आणि वेग वयाबरोबर सगळ्यात आधी खर्च होतो. सामन्याच्या साठाव्या-सत्तराव्या मिनिटाला प्रशिक्षक पहिल्यांदा बदलतो तो बहुतेक वेळा विंगवालाच. नव्वद मिनिटांच्या सरावाची तयारी करून वीस मिनिटं मिळतात, आणि त्या वीस मिनिटांवर पुढच्या वर्षाचा करार ठरू शकतो. शिवाय खेळाडूच्या हातात नसलेल्या गोष्टी वेगळ्याच. 2025 च्या जुलैमध्ये महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आल्यामुळे हंगामच लांबणीवर टाकला गेला, आणि देशातले पहिल्या फळीचे खेळाडू सामन्यांविना बसून राहिले. त्यात त्यांची चूक कोणती?

तरीही मी अनिकेतची कारकीर्द यशाचीच मानतो. किती गोल केले, एवढ्यावर ती मोजता येणार नाही. वयाच्या तिशीच्या आत कित्येक वर्षं फुटबॉल खेळून पगार घेणं, देशाची जर्सी दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर घालणं आणि दरवर्षी नव्यानं आपली जागा मिळवणं, हे शाहू स्टेडियमवर हॅट्‌ट्रिक करून पेठेत मिरवणूक निघण्यापेक्षा अवघड आहे.

मोबाइलवर सगळ्या जगाचे खेळ बघणाऱ्या एका पोरानं मला मध्यंतरी विचारलं, "सर, अमेरिकेत फुटबॉल हातानं का खेळतात?" त्या खेळातही आपल्या विंगरसारखा एक गडी असतो, त्याला वाइड रिसीव्हर म्हणतात. तोही कडेला उभा राहतो, सुसाट पळतो आणि लांबून फेकलेला चेंडू झेलतो. या जागेवरचा सगळ्यात मोठा खेळाडू म्हणून जेरी राइसचं नाव घेतात. त्याचा बाप मिसिसिपी राज्यातल्या खेड्यात गवंडी होता. सुट्टीत भाऊ खालून विटा फेकायचे आणि वर उभा राहून जेरी त्या झेलायचा. शाळेत एकदा तास बुडवताना हेडमास्तरांनी त्याला पकडलं, तसा तो असा काही पळाला की हेडमास्तरांनी त्याच्या वेगाची गोष्ट फुटबॉल प्रशिक्षकाच्या कानावर घातली आणि पोरगं संघात आलं. पुढं एका लहानशा कॉलेजातून 1985 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघानं त्याला उचललं आणि तो वीस हंगाम खेळला.

शिक्षक म्हणून मला यातल्या विटांपेक्षा हेडमास्तर जास्त महत्त्वाचे वाटतात. पळून जाणाऱ्या पोरात त्यांना खेळाडू दिसला, आणि मुख्य म्हणजे सांगायला शाळेत प्रशिक्षक होता, संघ होता. तिथं व्यावसायिक खेळाचा रस्ता शाळा आणि कॉलेजातूनच जातो. आपल्याकडे शाळेच्या पीटीच्या तासाला गणिताचे सर पोर्शन पूर्ण करतात. दहावीत क्रीडा गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण तिथवर पोचण्याचा रस्ता पोराला आणि त्याच्या आईला कुणी समजावून सांगत नाही. अनिकेतला तो रस्ता क्रीडा प्रबोधिनीत मिळाला, आणि त्यासाठी त्याला कोल्हापूर सोडावं लागलं.

हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही, पण खरं आहे. कोल्हापूरला खेळ आवडतो. खेळाडूचं पुढं काय होतं, याची चौकशी कमी असते. संघ जिंकायला पाहिजे म्हणून बाहेरच्या राज्यातले, परदेशातले खेळाडू आणले जातात. ते चांगले खेळतात, प्रेक्षकही त्यांना डोक्यावर घेतात. पण त्याच हंगामात पेठेतलं अठरा वर्षांचं पोरगं बाकावर बसून राहतं. आणि सामन्यानंतर दगडफेक झाली, तर पहिल्यांदा धरला जातो तो असाच एखादा पोरगा, जो खेळायला नाही तर ओरडायला गेला होता. एकदा गुन्हा दाखल झाला की पोलीस भरतीत, पासपोर्टला, चारित्र्य पडताळणीला तो आडवा येतो. ईर्षा पेठेची आणि कागदावर नाव पोराचं.

त्या आईला मी "नको" म्हटलं नाही. मी विचारलं, "भाभी, इसका जन्म दाखला है क्या?"

ती जरा गोंधळली. पण वयोगटाच्या फुटबॉलमध्ये पहिला बचावपटू म्हणजे जन्मतारखेचा कागद. 2017 च्या विश्वचषकासाठी 1 जानेवारी 2000 किंवा त्यानंतर जन्मलेलेच मुलगे चालणार होते. एक दिवस मागं-पुढं झाला तर दार बंद. मोठ्या स्पर्धांत मनगटाचं एमआरआय करून वय तपासतात. आणि आमच्या शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये तर आईबापांच्या पिढीतले निम्मे लोक 1 जूनलाच जन्मलेले! त्यात उर्दूत एक नाव, मराठीत दुसरं, इंग्रजीत तिसरं. आधारवर 'शेख', दाखल्यावर 'शेक'. चाचणीच्या आदल्या दिवशी हे कळलं तर पायात कितीही वेग असला तरी उपयोग नाही. दोन्ही लिप्या शिकवणारा मास्तर इथं तरी कामाला येतो.

महापालिकेचा दाखला काढला. तिन्ही ठिकाणी नाव एकसारखं करून घेतलं, त्याला दोन महिने लागले. क्रीडा प्रबोधिनीच्या प्रवेश चाचण्यांची चौकशी कुठं करायची, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारून आलो. पोराला एकच अट घातली: हंगामात मॅच बघायला जायचं ते वडिलांबरोबर किंवा मामांबरोबर, आणि दंगा सुरू झाला की घरी.

हा मुलगा विंगर होईल की नाही, याची मी पैज लावणार नाही. अनिकेतच्या वयाची, त्याच्या इतकीच वेगवान कितीतरी पोरं या गावात होती आणि ती आज दुसरी कामं करतात. पण ज्यांना पळायचंय त्यांना निदान सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचवणं एवढं काम शाळा, तालीम आणि पेठ मिळून करू शकतात. वर्ल्डकपला चौकाचौकात मेस्सी आणि रोनाल्डोचे कटआउट उभे करायला आपल्याकडे वर्गणी कमी पडत नाही. त्यातली थोडी रक्कम आपल्याच तालमीतल्या चौदा वर्षांच्या पोराच्या बुटांसाठी, पुण्याच्या एसटीच्या तिकिटासाठी बाजूला काढली, तर पुढच्या कुठल्या तरी वर्षी आणखी एक नाव वाचताना आपल्याला "हा आपल्या गल्लीतला" म्हणता येईल. तुमच्या तालमीत असं कुणी पोरगं असेल, तर आधी त्याचा जन्म दाखला बघा.