फळ्या उतरल्यानंतर

ऑगस्टमध्ये लिव्हरपूलचा उजेड लवकर मावळत नाही. रात्रीचे आठ वाजून गेले तरी लाल विटांच्या भिंतींवर तो रेंगाळत असतो, मर्सी नदीवरून खारा वारा येतो, सीगल ओरडत राहतात, आणि दिवस संपला हे मनाला घड्याळाकडून समजून घ्यावं लागतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मात्र तोच उजेड नकोसा झाला होता. त्यात सगळं फार स्पष्ट दिसत होतं: भरदिवसा ओढलेली शटरं, खिडक्यांवर ठोकलेल्या प्लायवूडच्या फळ्या, आणि त्या फळ्यांचा कोरा, ताजा वास, एरवी ज्यानं नव्या घराची आठवण यावी असा. त्या आठवड्यात तो भीतीचा वास होता.

जवळच्याच साउथपोर्टमध्ये २९ जुलैला नृत्याच्या वर्गात आलेल्या तीन चिमुरड्या मुलींचा चाकूनं जीव घेतला गेला. त्या दुःखाला धड रडूही दिलं नाही कुणी. मारेकरी होडीतून आलेला आश्रयार्थी आहे, अशी थाप इंटरनेटवर सुटली. तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता, पोलिसांनी तसं सांगितलंही, पण खऱ्याचा आवाज बारीक पडला आणि दुसऱ्या संध्याकाळी तिथल्या मशिदीवर विटा पडू लागल्या. ४ ऑगस्टला रॉदरहॅमजवळच्या एका हॉटेलच्या दाराशी आग लावली गेली. आत दोनशेहून अधिक आश्रयार्थी होते. मग फोनाफोनांतून एक यादी फिरली. निर्वासितांना सल्ला देणाऱ्या, त्यांचे कागद लावून देणाऱ्या साध्यासुध्या कचेऱ्यांचे पत्ते, आणि खाली वेळ: बुधवार, रात्री आठ.

माझी एक मैत्रीण अशाच एका संस्थेत दुभाषी आहे. पूर्व आफ्रिकेतून वाळवंट आणि समुद्र ओलांडून ती इथं आली, आणि आता आपल्या मागून येणाऱ्यांचं बोलणं वकिलांपर्यंत पोचवते. दुभाष्यानं समोरच्याचं म्हणणं त्याच्याच तोंडचं म्हणून सांगायचं असतं. त्यामुळे दिवसभर तिच्या ओठांतून बाहेर पडतं ते असं: मला उलटं टांगलं, माझं मूल लाटेत गेलं, मी मागे वळून पाहिलं नाही. संध्याकाळी ती भाजी घेऊन घरी जाते, मुलाचा अभ्यास घेते, आणि मधूनच हात थांबतो. ही आठवण कुणाची?

त्या आठवड्यात तिला घरूनच काम करायला सांगितलं गेलं. एकटीनं बाहेर पडू नकोस, डोक्यावरचा रुमाल झाकेल अशी टोपी असली तर बरं, यायचंच झालं तर टॅक्सी करून ये, पैसे संस्था देईल. वेबसाइटवरून तिचं नाव आणि फोटो उतरवले गेले. सगळं काळजीपोटीच, पण काळजीचा हात जरी असला तरी पुसलं जाणं हे पुसलं जाणंच असतं. तिच्या गोऱ्या सहकाऱ्यांना भीती कचेरीत ठेवून घरी जाता येत होतं. तिला ती कातडीवर घेऊन बसमध्ये चढावं लागत होतं.

मलाही घरून फोन आला. श्रावण नुकताच लागला होता, मागे पागोळ्यांचा आवाज येत होता, आणि आई म्हणाली, "दूध नसलं तर कोरा चहा पी, पण बाहेर जाऊ नकोस गं." मी हसले. मग खरंच कोरा चहा प्यायले.

बुधवारी आठ वाजले आणि ज्यांनी जमायचं होतं त्यांच्याऐवजी दुसरेच जमले. ओव्हरबरी स्ट्रीटवरच्या ज्या चर्चमध्ये असायलम लिंक मर्सीसाइडचं काम चालतं, त्याच्यासमोर शेकडो माणसं येऊन उभी राहिली, नातवंडांना झोपवून आलेल्या आज्या, कामावरच्या कपड्यांतले तरुण, हातानं रंगवलेल्या पाट्या. तसंच ब्रायटनला, ब्रिस्टलला, लंडनच्या वॉल्थमस्टोमध्ये, रस्तेच्या रस्ते माणसांनी भरून गेले, आणि देशाच्या छातीवरचा दगड रात्रीपुरता तरी कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. आम्हीही रडलो त्या रात्री. आनंदानं.

आणि मग फळ्या उतरल्या.

खरी पडझड त्यानंतर सुरू झाली. संकटात ताठ उभं राहिलेलं शरीर संकट गेल्यावर हिशोब मागतं. माझ्या मैत्रिणीला झोप येईना. दाराची बेल वाजली की पोटात गोळा उठे. एकदा फोटोकॉपीच्या यंत्रापाशी कागद अडकला, एवढंच, आणि ती हमसून रडली. वर लाज. "ज्यांना छळलं गेलं त्यांच्यापुढे माझं काय गं एवढं?" ती म्हणाली. दुसऱ्यांचं दुःख रोज मोजणाऱ्याला स्वतःचं दुःख नेहमी वजनात कमीच भरतं.

मला हेलन बँबर आठवतात. १९४५ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, त्या बर्गन-बेल्झनच्या छळछावणीत मदतीला गेल्या. तिथून वाचलेली माणसं त्यांना धरून ठेवत, झुलत झुलत आपली कहाणी सांगत, आणि ऐकण्यापलीकडे देण्यासारखं फारसं काही नसे. तेच ऐकणं त्यांनी जन्मभर केलं. १९८५ मध्ये छळ सोसलेल्यांसाठी लंडनमध्ये संस्था उभारली. मला मात्र त्या मुलीची रात्र दिसत राहते. दिवसभर इतकी माणसं जिला बिलगली, तिनं दिवा मालवल्यावर कुणाला धरलं असेल?

आपण अशा माणसांना शूर म्हणतो. केक पाठवतो, फुलं पाठवतो, टाळ्या वाजवतो. वाईट काहीच नाही त्यात. पण उतरंडीतल्या तळच्या मडक्याला नुसतं भक्कम म्हणत राहिलं की त्याला गेलेली चीर बघायला कुणी वाकत नाही. कौतुक पुन्हा उद्याचंच धैर्य मागतं. माझ्या मैत्रिणीला हवं होतं ते फार साधं निघालं: कचेरी बंद करताना सोबत दुसरं कुणीतरी, कारण न विचारता मिळालेली रजा, सलग दोन छळकथा वाट्याला येणार नाहीत असं लावलेलं कामाचं वेळापत्रक, "कशी आहेस" विचारून उत्तरासाठी थांबणारा वरिष्ठ, आणि आठवड्यातला एक तास, बाहेरून आलेल्या समुपदेशकापुढे, जिथं ती दुभाषी नसेल, जिथं जे बोलेल ते तिचं स्वतःचं असेल.

त्याच दंगलीत लिव्हरपूलचं स्पेलो लेनचं ग्रंथालय जाळलं होतं. राख सगळ्यांना दिसली, देणग्या धो धो आल्या, आणि डिसेंबरात नव्या कपाटांसह ते पुन्हा उघडलं. जळलेली भिंत छायाचित्रात येते. रात्री तीन वाजता छताकडे बघत पडलेली बाई येत नाही. तिच्या त्या एका तासाचे पैसे कुठून आणायचे, यावर तिची संस्था अजून अर्ज लिहिते आहे. अर्जात भाड्याला रकाना आहे, विजेला आहे, छपाईला आहे. ऐकून ऐकून थकलेल्या माणसाला नाही.

तो रकाना आखा आणि त्यात आकडा लिहा.